राबाची माती

महाड
७ जुलै २०२४

प्रिय दर्शू,

सप्रेम जयभीम.

"यापुढे मला फोन करू नका, काही असलं तर लिहा," असं तू म्हणालीस. रागात माणूस काहीही बोलतं, पण मी पडले शाळेत मराठी शिकवणारी बाई. कुणी लिहा म्हटलं की मला ते खरंच वाटतं. तुझे धम्मपाल भाऊजी म्हणाले, एवढा खटाटोप कशाला, मेसेज टाक. मी म्हटलं, मेसेजवर निळ्या खुणा उमटतात, आणि त्या उमटल्या नाहीत की मी दिवसभर फोन हातात घेऊन बसणार. पत्राचं बरं असतं. वाचलं की फेकलं, पाठवणाऱ्याला काही कळत नाही.

आता भांडते.

तू बाबांशी जे बोललीस ते मला बाबांनी सांगितलेलं नाही. शेजारच्या मोरूकाकांनी सांगितलं. लेकीच्या कामाचा निकाल लागणार म्हणून त्या दिवशी ओटीवर चार माणसं मुद्दाम येऊन बसली होती, आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून बाबांनी फोन मोठ्या आवाजावर लावला होता. त्या चार माणसांसमोर तू म्हणालीस, "बाबा, तुम्ही माझं वर्ष जाळलंत." बाबांनी फोन बंद केला आणि रेंज गेली म्हणून सांगितलं. मग सगळ्यांना चहा पाजून घरी पाठवलं.

तुझं दुःख मला कळत नाही असं समजू नकोस. नव्या संशोधकाला पहिलं पाऊल टाकता यावं म्हणून जैवसंरक्षणवाले बीजनिधी देतात, आणि देशभरातून इतक्या जणांनी मागितलेला तो निधी तुला मिळाला, तेव्हा मी वर्गात पेढे वाटले होते. बाबांना मी 'बियाण्याचे पैसे' असं समजावलं होतं. ते त्यांना लगेच कळलं. उद्या शत्रूने रोगाचा जंतू सोडला तर तो तासाभरात ओळखायची पट्टी माझी दर्शू करतेय, असं ते एसटीत शेजारी बसलेल्या माणसालाही सांगायचे. त्या जंतूचं घर भाताच्या चिखलात असतं आणि तो आपल्या खोऱ्यात आहे हे आधी दाखवायचं आहे, हेही त्यांना पाठ होतं. नाव तेवढं येत नव्हतं. मलाही येत नाही. मेलिऑइडोसिस हा शब्द मी चार वेळा लिहून मग इथे उतरवला आहे.

आणि हे सगळं तू का करतेस तेही मी जाणते. एकवीस सालच्या पुरानंतर आईला ताप आला, छाती भरली, टीबी म्हणून औषधं दिली, थुंकीत काही निघालं नाही, आणि ती गेली. कशाने गेली हे आजतागायत कुणी सांगितलेलं नाही. तू तेव्हाच दात-ओठ खाऊन या जंतूच्या मागे लागलीस.

म्हणून तू डबे पाठवलेस. सोबतच्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतंस की पाणी साचतं त्या खाचरातली, कोपरभर खोल, ओल लागेल तिथली माती घ्या. आणि बाबांनी साऱ्या वाडीला राबाची माती भरायला लावली. चैत्र-वैशाखात डहाळ्यांची कवळं आणि शेण पसरून भाजलेली, बी पेरायला मऊ केलेली वरवरची माती. त्यावरही समाधान झालं नाही म्हणून ती पिठाच्या चाळणीने चाळली आणि गोणपाटावर पसरून उन्हं दाखवली. आता भाजल्या मातीत जंतू कुठून सापडणार? तुझ्या समितीने कागदावर लिहिलं की या खोऱ्यात जंतू नाही, म्हणून पुढचा निधीही नाही.

मी गेल्या रविवारी वाडीला जाऊन बाबांना सरळ विचारलं, असं का केलंत. आधी म्हणाले, शेतकी खात्याला माती तपासायला द्यायची तर चांगलीच देतात, परीक्षेला पोर पाठवताना कुणी चिखलाच्या पायांनी पाठवतं का. मला ते पटलं असतं. पण मग पुढे म्हणाले, "आपल्या वाडीच्या मातीत रोग हाय असा सरकारी कागद निगाला तर गो? लोकांना नुसतं निमित्त लागतं. एकदा पाण्याचा झालाय आपला, आता मातीचा नको."

दर्शू, मी रोज तळ्यावरून शाळेत जाते. दर मार्चला तिथे गर्दी होते, मी पोरांना घेऊन जाते, फळ्यावर सनावळी लिहिते. पण ज्या माणसाच्या आजीला त्या तळ्याचं पाणी नाकारलं होतं त्याने आपली माती चाळून, ऊन दाखवून का पाठवली, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. तुझ्याही आलं नसेल. तू शिकलेली, मीही शिकलेली.

बाबांचं चुकलं. पण ते तुझ्या वाईटावर नव्हते. मला तुझ्याकडून एवढंच हवंय की तू त्यांना एक फोन कर. माफी मागू नकोस, तुला ती मागता येत नाही हे मला बालवाडीपासून ठाऊक आहे. नुसतं भाताचं विचार. फोन वाजला की ते हातातली आवणाची रोपं खाली ठेवून बांधावर जातात, आणि बँकेच्या बाईचा असतो.

तुझी,
ताई


वाडी, पोलादपूर
२८ जुलै २०२४

प्रिय दर्शू,

जयभीम.

आज बाबांच्या घरातून लिहितेय. रविवार आहे, लावणी आटोपलीय, वर्षावास सुरू झाल्यामुळे संध्याकाळी विहारात वाचन असतं आणि बाबा तिथे चष्मा नाकाच्या शेंड्यावर ठेवून वाचतात. तुझं पत्र नाही, फोन नाही. ठीक आहे. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, आणि हा पीळ तुला कुणाकडून आला ते मी माझ्या समोरच बघतेय.

तुला एक बातमी द्यायची आहे. काल बाबांनी डबे भरले.

तू पाठवलेल्यांतले काही कोरे उरले होते. बाबांनी तुझा तो कागद मला दोनदा मोठ्याने वाचायला लावला, मग मला घेऊन खालच्या खाचरात उतरले. मी बांधावर छत्री धरून. म्हटलं, कुदळ घ्या. तर म्हणाले, कुदळीला वरच्या शेताची माती लागलेली असते, दर्शूच्या कामात पुन्हा खोट नको. आणि वाकून हाताने खणायला लागले. पाणी बाजूला सारायचं, हात कोपरापर्यंत घालायचा, मूठभर चिखल काढायचा आणि डब्यात भरायचा. असं खाचराच्या चारी कोपऱ्यांत. मग मधोमध. डाव्या तळहाताला चार दिवसांपूर्वी बांध तासताना कोयती लागलीय, त्या जखमेवर फडकं बांधलेलं होतं, ते पहिल्याच डब्याला सुटलं. मी ओरडले तर मलाच म्हणाले, मास्तरीण, छत्री सरळ धर.

वर आल्यावर बांधावर टेकले. धाप लागली होती. त्यांची साखर वाढलेली असते हे तुला ठाऊकच आहे, गोळ्या घेतात पण मनात आलं तर. मी म्हटलं, आता नाही का वाटत लोकांची भीती? वाडीच्या मातीत रोग निघाला तर?

ते म्हणाले, "लोकांचा सांगितला तो आर्धाच खरा. तुजी आय याच खाचरात लावणीला व्हती गो. माज्या शेतानंच तिला मारली असा निगाला असता, तर मी या शेतात पाय कसा ठेवला असता?"

इतकी वर्षं या माणसाने आईचं नाव काढलं नव्हतं. मला वाटायचं, पुरुषांचं असंच असतं, विसरतात. मग स्वतःच म्हणाले, "पन दर्शू त्येच शोधते हाय ना. मग शोधू दे. या टायमाला माती जशी हाय तशी हाय. तिला सांग, मी चाळली नाय."

तर सांगितलं. डबे झाकण लावून, वर दोरा बांधून मांडणीवर ठेवलेत, तुझ्या दहावीच्या फोटोशेजारी. असा चिखल पोस्टाने पाठवायला परवानगी लागते असं तू मागे म्हणाली होतीस, म्हणून तसेच राहू दिलेत. तू येऊन घेऊन जा. शेतात एकदा केलेली पेरणी फुकट गेली तर आपण दुबार पेरणी करतो, कुणी शेत सोडून जात नाही. तुझ्या समितीला हे कुणीतरी सांगायला हवं. हवं तर मी लिहिते त्यांना, मराठीत.

फोन कर गं. मी आता विनवतेय असंच समज.

ताई


महाड
२५ ऑगस्ट २०२४

प्रिय दर्शू,

जयभीम.

बाबांना मी महाडला माझ्याकडे आणलंय. घाबरू नकोस, विशेष काही नाही. संध्याकाळ झाली की अंगात कसर येते, खोकला धरलाय आणि जेवण तुटलंय. आपला बाबा आणि ताटात भात टाकतो, हे बघायची मला सवय नाही. सदरा खांद्यावरून उतरायला लागलाय. हाताची जखम वरून भरली, पण काखेत मोठं गळू आलं होतं. दवाखान्यात कापून घेतलं, पुष्कळ पू निघाला. मोरूकाकांनी सल्ला दिला की सव गावच्या गरम पाण्याच्या कुंडात नेऊन बसवा, अंगातलं सगळं बाहेर पडतं. बाबा जायला निघालेही होते. भाऊजींनी रिक्षावाल्याला परत पाठवलं, म्हणून दोघांत दोन दिवस अबोला होता. आपल्या घरात अबोल्याची साथच आहे सध्या.

डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला. म्हणाले, टीबी असावा. थुंकीत काही निघालं नाही, तरी औषध सुरू करू. दर्शू, हे वाक्य मी आधी ऐकलं होतं. अगदी याच क्रमाने. बाकड्यावर बसल्याबसल्या मी तुझा तो लांबलचक शब्द घोकत राहिले.

म्हणून विचारतेय, आणि या पत्रात विचारायचं एवढंच आहे, बाकीचं नाही वाचलंस तरी चालेल. हा तुझा तो जंतू तर नसेल? मी डॉक्टरांना नाव उच्चारून दाखवलं, ते कागदावर लिहिलं सुद्धा. तरुण आहेत, चांगले आहेत, त्यांनी तिथल्या तिथे फोनवर शोधलं आणि म्हणाले, बाई, या खोऱ्यातली माती तपासून झालीय, हा जंतू इकडे मिळालेला नाही. तो अहवाल तुझाच होता. ती माती भाजलेली होती हे मी सांगायला लागले, राब म्हणजे काय, कवळं म्हणजे काय, आणि मागे रांगेतली बाई म्हणाली, मॅडम, आमचाही नंबर येऊ द्या. डॉक्टर म्हणाले, आधी टीबीच्या औषधाला महिनाभर देऊन बघू.

मला यातलं काय कळतं? तुला कळतं. एक ओळ लिही. आहे किंवा नाही. 'आहे' असलं तर कुठल्या इस्पितळात नेऊ आणि काय तपासायला सांगू ते लिही, मी त्याच दिवशी नेते. तुझा राग तसाच राहू दे, त्यातलं काही कमी करू नकोस. बाबांना सांगणारही नाही तू लिहिलंस म्हणून.

मी फोनही केला असता, पण भाऊजींच्या नंबरावरून मागे केला होता तो तू आवाज ऐकून कापलास. पुन्हा कापलास तर मी काय करीन ते मला सांगता येत नाही, आणि घरात आजारी माणूस आहे.

वाट बघतेय.

ताई


महाड
१५ सप्टेंबर २०२४

प्रिय दर्शू,

तुझं उत्तर आलं नाही, म्हणजे तसं काही नसावं. तसं असतं तर तू लिहिलं असतंस. तू कितीही रागीट असलीस तरी त्या बाबतीत तू गप्प बसणारी नाहीस, हे मी भाऊजींना ठासून सांगितलं. ते म्हणत होते, हैदराबादला तुझ्या प्रयोगशाळेत जाऊन येऊ का. मी नको म्हटलं. म्हटलं, माझी बहीण तोंडाची फाटकी आहे, काळजाची नाही.

टीबीचं औषध चालू आहे. ताप कधी उतरतो, कधी चढतो. काल बाबा स्वतःहून उठून दारात बसले आणि समोरच्या काशीबाईंशी भाताच्या भावावरून वाद घातला, म्हणजे सुधारणा आहे. आज मात्र पडून आहेत. गुडघा सुजलाय. वयाचं असेल.

मी त्यांना तुझ्याबद्दल खोटं सांगितलं आहे. तू परदेशी गेली आहेस, तिथे फोन लागत नाही, असं. त्यांनी मान हलवली. मग विचारलं, "तिकडं तरी तिला बियान्याचं पैसं देतील का?" मी देतील म्हटलं. त्यांना पटलं की नाही कोण जाणे. फोन उशाशीच ठेवतात, आणि चार्जिंग संपलं तर माझ्यावर चिडतात.

माझी आता विनवणी संपली आहे. हे शेवटचं पत्र. तुला तुझा मान प्यारा, मला माझा बाप. दोघी आपापलं सांभाळू.

सरिता


महाड
१० नोव्हेंबर २०२४

प्रिय दर्शू,

तुझं पत्र मिळालं. हाताने लिहिलेलं. तुझं अक्षर अजून शाळेतल्यासारखंच आहे, वेलांट्या पळून जाताहेत.

आधी कामाचं. हो, माझी संमती आहे. तू पाठवलेल्या कागदावर सही करून तो या पाकिटात घातलाय. बाबांच्या रक्तातला जंतू आणि त्यांच्या खाचरातला जंतू एकच आहे हे तुला सिद्ध करता आलं, समितीने तुझं प्रकरण पुन्हा उघडलं, निधी पुढे चालू करताहेत, हे सगळं मी दोनदा वाचलं. भाऊजींना वाचून दाखवलं. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, त्या कागदात बाबांचं नाव येणार का. मी म्हटलं, नाही, अशा कामात नाव नसतं, 'एक रुग्ण' असं असतं. ते उठून बाहेर गेले.

मलाही सुरुवातीला सही करवेना. माझा बाप कुणाचा नमुना नाही, असं मनात आलं. पण वाडीत अजून सगळी तशीच अनवाणी चिखलात उतरतात. पुढच्या पावसाळ्यात मोरूकाकांना ताप आला आणि तुझी पट्टी दवाखान्यात असली, तर त्यांची सून माझ्यासारखी बाकड्यावर बसून शब्द उच्चारत राहणार नाही. म्हणून सही केली. तुझ्यासाठी केली असं समजू नकोस. थोडीशी तुझ्यासाठीही केली.

मुंबईच्या इस्पितळातलं तुला माहीत नाही असं थोडंच आहे. भाऊजींनी अनोळखी नंबरावरून फोन केला तशी तू त्याच दिवशी विमानाने आलीस, पण तोवर बाबांच्या तोंडात नळी होती. तू त्यांचा हात धरून उभी होतीस आणि डॉक्टरांना सांगत होतीस की रक्त या जंतूसाठी तपासायला लावा, हे औषध आत्ता सुरू करा. मी तुझ्याकडे बघत होते. तू बोलत होतीस आणि ते सगळे धावत होते. ते औषध त्यांच्या शरीरात गेलं दर्शू, एक दिवस गेलं. रक्ताचा अहवाल ते गेल्यावर आला.

त्यांना गाडीत घालून मुंबईला नेत होतो तेव्हा ते शुद्धीवर होते. वडखळच्या पुढे त्यांनी मला जवळ बोलावलं. तुला हे मी सांगितलं नव्हतं, कारण मला ते माझ्याजवळच ठेवायचं होतं. म्हणाले, "दर्शूला बोलू नको हां काय. ती लहान हाय." तू चौतिसाची आहेस. मी हो म्हटलं.

आता तुझा प्रश्न.

बाबांच्या जलदान विधीच्या दिवशी पाहुणे गेल्यावर तू वाडीच्या घराच्या पायरीवर बसलीस आणि बोटांवर मोजत म्हणालीस, "साखर, चिखल, पावसाळा, ताप, खोकला, गळू. ताई, यातलं अर्धं जरी कुणी मला कळवलं असतं तरी मी ओळखलं असतं. ऑगस्टमध्ये कळलं असतं तरी वाचले असते. का नाही कळवलं गं?" आणि लगेच स्वतःच म्हणालीस की तुझी पत्रं येत होती, पण त्यात बाबांचीच वकिली असणार म्हणून उघडली नाहीत, ती टेबलाच्या खणात तशीच आहेत. मी तेव्हा उठले. आत जाऊन भांडी घासली. तू मांडणीवरचे डबे पिशवीत भरून घेतलेस तेव्हाही मी चुलीपाशीच होते.

आणि आता या पत्रात विचारतेस की ते डबे बाबांनी केव्हा भरले. तुझ्या त्या फोनच्या आधी की नंतर.

आधी.

जूनमध्ये, चिखलणी चालू होती तेव्हा. तुझे काही डबे कोरे उरले होते. बाबा आपणहून म्हणाले, राबाची दिली, आता खाचरातलीही देऊन ठेवू, लेकीला लागेल. मोरूकाकांनी कुदळीने काढून दिली, बाबा नुसते बांधावर उभे होते. मी स्वतः तिथे होते, म्हणून सांगतेय. तुझ्या फोनचा आणि त्या डब्यांचा काही संबंध नाही. हाताला जखम लावणीत झाली, ती काय दर वर्षी कुणाला तरी होते. आणि चिखलात तर सगळी वाडीच होती.

दुसरं. आजाराचं मी तुला कळवलं नाही. चूक माझी आहे. मला वाटलं साधा टीबी आहे, सहा महिन्यांत बरे होतील, तुला कशाला मध्ये घ्यायचं. शिवाय मीही तुझ्यावर चिडले होते. तुला कुणाला दोष द्यायचा असेल तर मला दे. मी इथे महाडला बसलेली आहे, मला पेलेल. तुला पुढे रोज त्या प्रयोगशाळेत जायचं आहे, त्या जंतूकडे बघायचं आहे, हात न थरथरता काम करायचं आहे.

ती पत्रं उघडू नकोस. त्यात काही नाही. माझ्या शाळेच्या तक्रारी आहेत, वर्षावासाच्या वाचनाचं आहे, भाऊजींच्या नावाने बोटं मोडलीत, आणि तुझ्या हट्टीपणावर चार म्हणी आहेत ज्या तुला पाठ आहेत. चारही पत्रांत तेच तेच. न वाचता जाळून टाक. तुझ्याकडे चूल नाही, तर गॅसवर जाळ, खिडकी उघडी ठेव.

मी तुझी मोठी बहीण आहे आणि आजवर तुझ्याकडे काही मागितलेलं नाही, एक फोन सोडला तर. तो तू केला नाहीस. एवढं मात्र ऐक.

आणि उघडलीसच, तर मला कळवू नकोस.

ताई